डावा पीळ

१

लॉर्ना पुलरचा दिवस शाळेच्या बसच्या दोन फेऱ्यांमध्ये अडकलेला असायचा. सकाळी साडेसातला निघायचं, पोर्ट किंकेड गावाच्या आसपासच्या मेंढ्यांच्या फार्मांवरून तेवीस पोरं गोळा करायची आणि पावणेनऊला शाळेत नेऊन ओतायची. दुपारी तीनला तीच पोरं, आता दुप्पट आवाजाची, घरोघर परत टाकायची. मधले पाच-सहा तास मात्र तिच्या मालकीचे. ते ती गेली दोन वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घालवत होती, वडिलांच्या नॉर्टन मोटरसायकलजवळ.

गाडी १९५४ची, एका सिलिंडरची, पाचशे सीसीची. वॅटी पुलर एके काळी तिच्यावर हौशी शर्यती मारायचा. नंतर सत्तेचाळीस वर्षं ती लोकर भरायच्या गोणपाटाखाली उभी राहिली आणि वॅटीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला पुरून आल्यावर, पाहुणे अजून सँडविच खात असताना, लॉर्ना मागच्या दाराने शेडमध्ये गेली आणि तिने ते गोणपाट ओढून काढलं. तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. या वयात लोक गुडघे सांभाळतात.

आता इंजिन बसलं होतं, टाकी रंगवून झाली होती आणि अडतीस हा जुना नंबरही चढला होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी गावातल्या रस्त्यांवर गवताचे भारे रचून शर्यत व्हायची, तिला सोळा दिवस होते. राहिलं होतं ते तारकाम.

शर्यतीच्या गाडीला एक नियम असतो. ज्या बोल्टामागे तेल आहे, त्याच्या डोक्याला भोक पाडून त्यातून बारीक तार ओवायची, तिला पीळ घालायचा आणि दुसरं टोक शेजारच्या भक्कम भागाला बांधायचं. तार अशा बाजूने ओढलेली हवी, की बोल्ट सैल व्हायला गेला तर तीच त्याला आवळेल. बाजू चुकली की सगळं मुसळ केरात. बोल्ट सैल होत जातो आणि तार त्याला वाट करून देते.

त्या गुरुवारी तिने इंजिनाच्या तळाचा तेलाचा बूच आवळला. तार ओवायला घेणार, तोच घड्याळात अडीच वाजले. तिने पक्कड ठेवली, शेडचं दार नुसतं लोटलं आणि ती बस काढायला गेली.

साडेचारला परत आली तेव्हा बुचाला तार बांधलेली होती. पीळ एकसारखा, टोक आत दुमडलेलं, अगदी नीट. आपला दोस्त टिपेने येऊन गेला असणार, असं ती स्वतःशी म्हणाली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

२

टिपेने हे त्याचं नाव. तो कालवांच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. कालवांचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. तोवर त्याला लॉर्नाच्या शेडमध्ये येऊन चहा पिणं आणि चुका काढणं एवढंच काम. शनिवारी सकाळी तो भाजलेले चीजचे रोल घेऊन आला.

"तारेबद्दल आभार," लॉर्ना म्हणाली.

"कुठल्या तारेबद्दल?"

"गुरुवारी बूच बांधून गेलास ना."

"मी? गुरुवारी मी इन्व्हरकार्गिल शहरात दाढ काढायला गेलो होतो. हे बघ भोक."

"मीट ते तोंड. मला गाडीतली भोकं पुरेत."

टिपेने हसत हसत खाली वाकला, आरसा बुचाखाली धरला आणि त्याचं हसू ओसरलं. 

"हा पीळ तुझा नाही."

"कशावरून?"

"तू उजवी. तुझ्या तारेचा पीळ उजवीकडे चढतो. हा डावीकडे चढलाय. हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे." त्याने आरसा पुसून खिशात घातला. "तुझा बाप डावखुरा होता."

"माझा बाप वारलाय, टिपेने."

"मीच खांदा दिलाय. ते काय मला सांगतेस?"

वॅटी पुलरचं तारकाम गावात प्रसिद्ध होतं. तो गाडीवर वरून वाकायचा, दोन्ही हात खाली घालायचा आणि मान फिरवून भिंतीकडे बघत, गप्पा मारत, नुसत्या बोटांनी चाचपून तार बांधायचा. हातांकडे बघायचाच नाही. त्याचा त्याला कोण ताठा! पैजा लावायचा त्यावर.

आणि मग १९७१ची शर्यत झाली. लोकरीच्या गोदामाच्या वळणावर वॅटीच्या गाडीचं तेल रस्त्यावर सांडलं. वॅटी निभावला. त्याच्यामागे एकवीस वर्षांचा कीथ बेअर्ड होता, तो घसरला आणि विटांच्या भिंतीवर आपटून मेला. चौकशी बसली. गाडी तपासून सोडणारा तपासनीस होता कीथचाच थोरला भाऊ, मर्डो. त्याने शपथेवर सांगितलं, की आपण पाहिल्यानंतर वॅटीने तेल बदललं असणार आणि बूच तारेशिवाय तसाच लावला असणार, कारण शर्यतीनंतर तिथे तारेचा पत्ता नव्हता. बूच तर कोणाला सापडलाच नाही. मोटरसायकल क्लबने वॅटीला जन्मभरासाठी काढलं आणि गावाने न बोलता वाळीत टाकलं. तो फक्त एक वाक्य बोलायचा, मटण कापताना, बूट काढताना, कधीही: "मी तार बांधली होती." लॉर्ना तेव्हा सात वर्षांची होती. ते वाक्य ऐकतच ती मोठी झाली.

म्हणून तर ही गाडी. त्याच नंबरावर, त्याच रस्त्यावर, त्याच बुचाच्या जागेवरून तेलाचा एक थेंब न सांडता ती गाडी धावलेली सगळ्या गावाने बघायला हवी होती. लॉर्नाला दुसरं काही नको होतं.

३

सोमवारी तिने ती तार कापली, स्वतःची बांधली आणि ती बसवर गेली. परत आली तर तार पुन्हा डाव्या पिळाची होती. मंगळवारी तेच. बुधवारी बुचाबरोबर तेलाच्या फिल्टरचा बोल्टही तसाच बांधलेला.

शेडला एकच दार होतं, शनिवारपासून त्याला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या गळ्यात. खिडकीला जाळी. लॉर्ना काही घाबरट बाई नव्हती. डोंगरातल्या बर्फावर तेवीस पोरांची बस आडवी गेली तरी जिने गिअर शांतपणे बदलला, ती तारेच्या दोन पिळांना काय भीक घालणार? तिने डोकं लावायला सुरुवात केली.

पहिली शंका स्वतःचीच आली. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना तारेने टोचल्याच्या बारीक खुणा होत्या, आणि ती काम करायची उजव्याने. आपणच करतो आणि विसरतो की काय? पण या गोष्टी व्हायच्या तीन ते साडेचारच्या मध्ये, आणि तेव्हा तिच्या पाठीमागे तेवीस साक्षीदार खिडकीतून सफरचंदं फेकत असायचे.

मग बाकावर तिला बशी दिसली. फुटक्या कडेची, निळ्या फुलांची. वॅटी तारेची कापलेली टोकं जमिनीवर पडू द्यायचा नाही, बशीत टाकायचा. ती बशी वर्षानुवर्षं फळीवर उपडी होती. आता ती सुलटी होती आणि तिच्यात पाच टोकं होती. शेडमध्ये एरंडेलाचा वास येत होता. जुन्या शर्यतींच्या गाड्यांत एरंडेल घालायचे. लॉर्नाने मात्र आजवर घातलं होतं ते साधं तेल.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. पाच टोकं मोजताना तिचे डोळे भरून आले. म्हातारा आला होता. तार बांधली होती, हे सांगायला आला होता.

"बांध, डॅड," ती बाकाला टेकून म्हणाली. "बांध हवं तेवढं."

तिने ती तार तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू केलं आणि वीस मिनिटं चालवलं. बंद केल्यावर सवयीने बोट बुचाखाली घातलं. बोट ओलं झालं.

बूच पाव फेरा सैल झाला होता. तिने आरसा आणि टॉर्च घेतली, ती पाठीवर झोपली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने पिळाकडे न बघता बाजूकडे बघितलं. तार उलटीकडून ओढलेली होती. दोन्ही बोल्टांवर.

४

शुक्रवारी तिने पक्कड आणि तारेचं रीळ दोन्ही बसमध्ये घेतलं. शेडमध्ये तारेचा तुकडाही ठेवला नाही. जाण्याआधी बूच स्वतः बांधला, बाजू तीनदा तपासली.

परत आली तेव्हा तो उलटा बांधलेला होता. बशीत एक टोक वाढलं होतं.

सोमवारी तिने पक्कड आणि रीळ पुन्हा शेडमध्येच ठेवलं आणि एक डाव टाकला. मुद्दाम स्वतःच चुकीच्या बाजूने तार बांधली. जो कोणी होता तो उलटं करतो ना? मग आता करून दाखव म्हणावं. साडेचारला ती जवळजवळ धावतच शेडमध्ये शिरली. तार होती तशीच होती. तिचा स्वतःचा उजवा पीळ, चुकीची बाजू. त्याला कोणी बोट लावलं नव्हतं. ज्याला हात लावायचा होता तो समाधानाने निघून गेला होता.

तेव्हा पहिल्यांदा ती गाडीकडे पाठ न करता शेडबाहेर पडली.

मंगळवारी शाळेला अर्धी सुट्टी होती. ती दोन वाजताच घरी आली, बस रस्त्यावर सोडली आणि गवतातून चालत शेडच्या मागच्या बाजूला गेली. नैऋत्येचा वारा पत्र्यावर घासत होता. तिने कान लावला. आतून आवाज आला, कट्. मग तार पिळली जाताना येतो तो कुरकुर आवाज, सावकाश, सवयीच्या हाताचा. मग दातांतून घातलेली शीळ, धड ना गाणं ना काही. ही शीळ तिने सातव्या वर्षापर्यंत ऐकली होती. त्यानंतर त्या घरात कोणी शीळ घातली नव्हती.

ती पुढे आली आणि तिने कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं रीळ अजून फिरत होतं. ते थांबेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने बाकावरची पक्कड उचलली. मूठ कोमट होती, कोणी आत्ताच खाली ठेवल्यासारखी.

५

वॅटीचा तपकिरी कामाचा कोट दाराच्या मागे लटकत होता. दोन वर्षं ती त्याला न हलवता दार उघडत होती. आता तिने सरळ त्याच्या खिशात हात घातला. असं काय आहे जे मला कळत नाही, एवढाच राग होता. हाताला तंबाखूची चपटी डबी लागली.

डबीत तेलाचा बूच होता. काळा पडलेला, कडेला ठेचलेला. डोक्याच्या भोकात तार अजून अडकलेली होती, तुटकी, आणि तुटण्याआधी डोक्याला जो वळसा घातला होता तो जसाच्या तसा टिकला होता. तारेवर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. तपासनीस तार बघून झाली की रंगाचा ठिपका देतो. तो त्या वर्षीचा रंग.

म्हणजे वॅटीने तार बांधली होती. मर्डो बेअर्डने ती पाहिली होती. आणि पुरावा एकोणपन्नास वर्षं या खिशात होता.

मग दाखवला का नाही? लॉर्नाने बूच उजेडाकडे धरला आणि तिला वळसा कुठल्या बाजूला जातो ते दिसलं. वरून वाकून, भिंतीकडे बघत, बोटांनी चाचपून बांधलेली तार. वरून उजवं वाटतं ते खालून डावं असतं. नेमकी ती एकच गोष्ट न बघता कळत नाही.

त्याला माहीत होतं. रस्त्यावरून बूच उचलला त्या क्षणापासून माहीत होतं. मी तार बांधली होती, हे खरं होतं, आणि तेच त्याच्याने दाखववत नव्हतं. लॉर्ना उपड्या बादलीवर बसली आणि हमसून हमसून रडली. बापासाठी रडली, कीथ बेअर्डसाठी रडली, आणि सगळ्या गावाला खोटं ठरवायचं म्हणून दोन वर्षं नट आवळत बसलेल्या स्वतःसाठीही रडली.

टिपेनेला तिने सगळं सांगितलं. त्याने बशीकडे बघितलं, कोटाकडे बघितलं आणि तो दारातच उभा राहिला.

"विकून टाक," तो म्हणाला. "नाही तर समुद्रात टाकू. मी बोट आणतो."

"नाही."

"लॉर्ना, ते जे काही आहे ते तुला मारेल गं. मारायचं म्हणून नाही. प्रेमाने मारेल."

"मग ते प्रेम त्याने आवरायचं. मी आयुष्यभर या माणसाच्या गप्प बसण्यात राहिले. आता त्याच्या सवयीपायी मरायला मी मोकळी नाही."

"आणि शर्यत?"

"शनिवारी आहे," लॉर्ना म्हणाली. "आत ये, नाही तर बाहेर जा. दारात उभं राहिलं की वारा येतो."

टिपेने आत आला.

६

गुरुवारी सकाळी दहा वाजता लॉर्नाने शेडचं दार सताड उघडलं, उन्हात गाडी अर्धी बाहेर काढली आणि ती तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. शेजारच्या कुंपणाजवळून कोणी जात असतं तर म्हणालं असतं, पुलरांची पोरगी कामातून गेली. तिला त्याची पर्वा नव्हती.

"डॅड. तू तार बांधली होतीस. गावाने तुला खोटं पाडलं, ते गाव खोटं होतं. पण तू उलटी बांधलीस. आणि त्यापायी कीथ बेअर्ड मेला. हे तुला माहीत होतं, म्हणून ती डबी खिशात राहिली." तिचा आवाज चढला. तिने तो चढू दिला. "मी ही गाडी पळवणार आहे. तुझ्या नंबरावर पळवणार आहे. तुला मदत करायची असेल तर हातांकडे बघून कर. भिंतीकडे बघून नाही. एकदा तरी वाक आणि बघ. जमत नसेल तर हात लावू नकोस माझ्या गाडीला. कळलं?"

 एरंडेलाचा वास एकदम दाटला, इतका की तिला ठसका लागला, आणि मग विरला. बाकावर बशी किंचित सरकली. वारा होता, असं म्हणायला जागा होती. लॉर्नाने ते म्हटलं नाही.

तिने बूच बांधला, बाजू तपासली आणि ती बसवर गेली. परत आली तेव्हा तार तिचीच होती. शुक्रवारीही तिचीच होती.

७

गाड्यांची तपासणी शाळेच्या मैदानावर होती. मर्डो बेअर्ड आता त्र्याहत्तरचा, गुडघ्यांनी अधू, तरी तपासनीसाचा पांढरा कोट अजून त्याच्याच अंगावर. अडतीस नंबर बघून त्याने लेखणीचं टोपण लावलं.

"ही गाडी परत ने, लॉर्ना."

"कुठल्या नियमाने?"

"नियमाचं राहू दे. माझा भाऊ गेला या गाडीपायी. तुला लाज कशी वाटत नाही?"

"वाटते," लॉर्ना म्हणाली. "म्हणून हे आणलंय." तिने डबी उघडून टेबलावर ठेवली.

मर्डोने बूच बघितला. हात लावला नाही. मैदानावर कोणीतरी इंजिन रेटत होतं. ते थांबल्यावर त्याने डबी बोटाने उजेडाकडे फिरवली.

"पिवळा," तो शेवटी म्हणाला. "त्या वर्षी पिवळा होता."

"ठिपका कोणाचा, मर्डो?"

"चोवीस वर्षांचा होतो मी. तार दिसली, ठिपका दिला. वॅटी पुलरचं काम, त्यात काय बघायचं? खाली वाकलोच नाही." त्याने लेखणीचं टोपण काढलं, परत लावलं. "माझ्या सख्ख्या भावाच्या पुढे ती गाडी मी सोडली. हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तार नव्हतीच, असं म्हणालो."

"माझा बाप तुम्हाला बघून रस्ता ओलांडायचा."

"मीही ओलांडायचो. एकदा दोघांनी एकदमच ओलांडला." तो हसला नाही. तीही हसली नाही.

मग त्या म्हाताऱ्याने आरसा घेतला, टेबलाला धरून गुडघे टेकले आणि तो पाठीवर, सरळ ओल्या गवतात, गाडीखाली झोपला. प्रत्येक तार बघितली. बुचाकडे दोनदा बघितलं. या वर्षीचा रंग निळा होता. त्याने ठिपका दिला.

"बाजू बरोबर आहे," तो खालून म्हणाला.

"हे लोकांना सांगायचं राहिलंय, मर्डो. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"आधी गाडी परत आण," मर्डो म्हणाला. "माझ्याच तोंडाने सांगतो."

८

आठ फेऱ्यांची शर्यत होती. वॅटीचे जुने हातमोजे, मनगटाला पितळी बक्कल असलेले, तिने घातले होते. पहिल्या फेरीला गोदामाच्या वळणावर तिने श्वास रोखला. मागचं चाक किंचितही हललं नाही. दुसऱ्या फेरीला ती ओरडली. काय ओरडली ते हेल्मेटच्या आतच राहिलं आणि ते छापण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला ती मेन स्ट्रीटवरून सुसाट निघाली. रस्त्याच्या उजव्या हाताला सगळी दुकानं, औषधांचं, कापडाचं, बंद पडलेली बँक, आणि एकामागून एक मोठ्या काचा. दुपारचं ऊन त्यांच्यावर सरळ पडलं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला काचेत आपली गाडी पळताना दिसली, लाल टाकी, पांढरा अडतीस.

गाडीच्या बाजूला, इंजिनाशी, कोणीतरी उकिडवं बसलेलं होतं.

काच संपली. भिंत. पुढची काच. ते तसंच होतं. तपकिरी कोट. गाडी ताशी दीडशेने चालली होती आणि ते उकिडवं बसून तिच्याबरोबर येत होतं. त्याचे पाय हलत नव्हते. दोन्ही हात इंजिनाखाली होते, कोपर हलकेच वरखाली होत होते. भिंत. तिने खाली बघितलं. तिथे तिचा बूट, धावता डांबरी रस्ता आणि दुसरं काही नाही. बँकेची काच आली, सगळ्यात मोठी, आणि तिला त्याची मान दिसली. मान भिंतीकडे वळलेली नव्हती. ते वाकून स्वतःच्या हातांकडे बघत होतं. लहान मूल पहिल्यांदा बुटाची नाडी बांधताना बघतं तसं, नाक जवळजवळ टेकवून.

थांबायला हवं होतं. कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. लॉर्नाने वेगाची मूठ आणखी पिळली.

"बघ!" ती ओरडली. "बघ आणि बांध!"

चौथ्या फेरीला तिने काचांकडे बघितलं नाही. पाचव्याला, सहाव्याला, सातव्यालाही नाही. गोदामाच्या वळणावर तिने दोघांना मागे टाकलं. शर्यत तिने सातव्या नंबरावर संपवली.

९

ती शाळेच्या मैदानावर परतली तेव्हा टिपेने नाचत आला. "अगं, थेंब नाही! मी गोदामापाशी पोटावर झोपून रस्ता बघितला, एक थेंब नाही! उतर ना आता, का मिरवणूक काढू?"

लॉर्नाने इंजिन बंद केलं. डावा हात सुटला. उजवा सुटेना.

हातमोज्याच्या बक्कलातून तार ओवलेली होती. तिला पीळ घालून दुसरं टोक हँडलच्या बोल्टाला नीट दुमडून बांधलं होतं. डावीकडे चढणारा, एकसारखा पीळ. मनगट थोडं उपसलं की तार आवळत होती.

टिपेनेचं नाचणं थांबलं. मर्डो काठी टेकत आला, पाच-पंचवीस लोक गोळा झाले. मर्डो आधी खाली वाकला आणि त्याने बुचाखाली आरसा धरला.

"माझा निळा ठिपका कुठाय?" तो म्हणाला. "ही तार मी तपासलेली नाही. हा पीळ..." 

"बाजू बघा," लॉर्ना म्हणाली.

"बरोबर आहे. बाजू बरोबर आहे."

"मोठ्याने. आणि दुसरं कबूल केलंय तेही."

मर्डो बेअर्ड काठीच्या आधाराने उभा राहिला आणि त्याने लोकांकडे तोंड केलं. "वॅटी पुलरने तार बांधली होती," तो म्हणाला. "ती चुकली होती. मी ती न बघता पास केली आणि नंतर तार नव्हतीच म्हणून शपथेवर खोटं बोललो. माझा भाऊ आम्हा दोघांमुळे गेला."  एका बाईने डोक्यावरची टोपी काढली.

मग त्याने पक्कड पुढे केली आणि लॉर्नाच्या मनगटाची तार कापली. तिने मोजा काढला, हात मोकळा झाला. तो चोळावा म्हणून तिने डावा हात पुढे आणला आणि तेव्हा तिला दिसलं. डाव्या मोज्याच्या बक्कलातूनही तार ओवलेली होती. दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती. पीळ घालायचा राहिला होता.

टिपेनेच्या तोंडून शिवी निघाली. लॉर्ना टाकीवर वाकली.

"काम चांगलं केलंस, डॅड," ती म्हणाली. "पण गाडी बांधायची. मला नाही. आधीच सगळं आयुष्य बांधून घेतलंस माझं. काप ती."

मर्डोच्या हातातली पक्कड उघडी होती आणि ती हवेत होती. सगळ्यांना दिसत होती. तरी आवाज आला, कट्, अगदी जवळून. डाव्या मनगटाची तार दोन तुकडे होऊन गवतावर पडली.

लॉर्नाने तुकडे उचलले. टोकं कोमट होती. जमिनीवर पडू द्यायची नाहीत, अशी त्या घरची रीत होती. तिने ते डबीत जुन्या बुचाशेजारी ठेवले आणि झाकण दाबून लावलं.

"चल, घरी नेतो तुला," टिपेने म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"दुसरी शर्यत तीनला आहे," लॉर्ना म्हणाली. "मर्डो, बुचाला ठिपका द्या. आणि खाली वाकून द्या."

मर्डो गवतात उतरला. तिने हातमोजा पुन्हा चढवला.